उचलत्या छताला अस्तर

४ सप्टेंबर

ह्यांनी आज दारात एक डबा आणून उभा केला. त्याला ते कॅम्परव्हॅन म्हणतात. म्हणोत. जुनी मालवाहू गाडी, आत कुणीतरी एक फळी, एक शेगडी आणि हात धुण्यापुरतं बेसिन बसवलेलं. वर छताला बिजागऱ्या. खटका सोडला की छत पुढच्या बाजूने वर उचललं जातं आणि मधल्या जागेत तीन बाजूंनी कापडाच्या भिंती ताणल्या जातात. पाणघोड्याने जांभई द्यावी तसं दिसतं. त्या जांभईत माणसाने झोपायचं.

"ह्याला पॉप-टॉप म्हणतात," हे म्हणाले.

"आणि ह्यात झोपणाऱ्याला?"

हे टायर तपासायला वाकले. छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले, दहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून खिडकीशी बसून होते. मला वाटलं होतं, बसून बसून कंटाळतील आणि निदान माळा तरी आवरतील. त्याऐवजी हे ध्यान. थंडीत वर डोंगरात जायचा विचार आहे म्हणे. थंडीत! शहाणी माणसं थंडीत डोंगरावरून खाली येतात.

मी एकतीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, त्यामुळे आधी कापडाला हात लावला. तंबूचं कापड, पण झिजून रुमालासारखं झालेलं. शिवण एकेरी. टाके मोठे, कुणीतरी गाडी पकडायच्या घाईत घातल्यासारखे. बोट लावलं तर पलीकडचा उजेड दिसतो. वारा ह्यातून आत यायला परवानगी मागणार नाही.

७ सप्टेंबर

ह्यांनी स्वतःच कामाला सुरुवात केली. चंदेरी बुडबुड्यांच्या शीटचा गादीएवढा गुंडाळा आणला आणि चिकटपट्टीची सहा रिळं. कापडी भिंतींना आतून शीट चिकटवायची म्हणजे थंडी अडेल, असा बेत. चिकटपट्टी कापडाला धरत नाही हे कळायला अख्खी दुपार लागली. मी खिडकीतून बघत होते. एक कोपरा लावला की दुसरा सुटे, दुसरा धरला की पहिला डोक्यावर. शेवटी हे आत उभे, पार्सल झालेले.

तुकडे कापले तेही अगदी मापाला माप. कडेला माया म्हणून सोडलीच नाही. शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचं, त्याला माया म्हणतात, हे माझ्या वर्गातली पहिल्या आठवड्यातली मुलगी सांगेल. माझ्याबरोबर तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला माया ठेवायची असते हे कुठून कळणार?

"सोडा ते," मी म्हटलं. "पहिल्या पावसात सगळं नाकावर येणार तुमच्या."

"मग काय करू?"

"आणायच्या आधी विचारायचं होतं."

हे खाली उतरले आणि शीट परत गुंडाळली, कडेला कड जुळवून. लावणं जमलं नाही, पण गुंडाळली मात्र दुकानात दिसते तशी.

१२ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरची, म्हणजे त्या जांभईतली, झोपायची फळी ह्यांनी अर्धी कापून टाकली. खाली उभं राहता यावं म्हणून. आता वर अडीच फूट रुंद जागा उरली. मी म्हटलं, दोघांनी एकमेकांच्या अंगावर निजायचं की काय? तर म्हणाले, "खाली बाक आहे." म्हणजे मी खाली, बेसिनशेजारी. व्यवस्था लावावी तर अशी.

१५ सप्टेंबर

बघवेना. हातात घेतलं.

हे मला विचारणार नव्हते, आणि मी विचारण्याची वाट बघणार नव्हते. आज सकाळी गाडीवर शिडी लावून छताचं माप घेतलं. दोन बाजू त्रिकोणी, पुढची बाजू चौकोनी, मागे नुसत्या बिजागऱ्या. म्हणजे एक टोपडं शिवायचं, बाहेरून सगळ्यावर चढवायचं आणि खाली इलॅस्टिकच्या दोरीने आवळायचं. बाहेरचा थर छत्र्यांचं जाड नायलॉन, आतून रबर लावलेलं. मध्ये गाद्यांत भरतात तो कृत्रिम कापूस. आत मऊ फ्लॅनेल. कापूस गोळा होऊ नये म्हणून त्यावर धावदोरा घालावा लागतो, पण तो फक्त कापूस आणि फ्लॅनेल ह्यांनाच. बाहेरच्या नायलॉनला कडा सोडून कुठेही सुई लागता कामा नये. एक टाका म्हणजे एक भोक, आणि पाण्याला एक भोक पुरतं. हे मी ह्यांना समजावून सांगितलं. ह्यांनी वहीत लिहून घेतलं! चित्रासकट. मग विचारलं, "आणि उसवलं तर कसं शिवायचं?"

"तुम्ही? तुम्ही शिवणार?" मला हसू आवरेना.

तरीही ह्यांनी लिहायला पेन धरून ठेवलं होतं. मी सांगितलं शेवटी. मुकाट लिहीत होते.

२१ सप्टेंबर

बिजागऱ्यांना तेल घालायला गॅरेजवाला आला होता. बोलका माणूस, कामापेक्षा तोंड जास्त. म्हणाला, "काकू, काका म्हणत होते एक गादी पुरे, मी तर दोन घ्या म्हणत होतो." मी म्हटलं, दुसरी मी घरातली घेईन, दुकानातल्या गाद्या बसल्यावर कण्हतात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकदम बिजागरीचं काम निघालं त्याला. गॅरेजवाल्यांना गाद्यांतलं काय कळतंय.

२४ सप्टेंबर

टोपडं निम्मं झालं. जेवायच्या टेबलावर मशीन, कापड खुर्च्यांवरून दारापर्यंत. हे कडेकडेने येतात जातात. आज मात्र मशीनशी येऊन उभे राहिले.

"कुठेतरी हवा खेळायला फट ठेवशील ना?"

"फटी ठेवायच्या होत्या तर शिवायचं कशाला?"

"माणूस श्वास सोडतो, त्यात पाणी असतं. ते कुठेतरी..."

"तुम्ही नळांचं बघा. कापडाचं मला कळतं."

गेले. काही नीट वाक्यसुद्धा पुरं करत नाहीत.

२९ सप्टेंबर

काल टोपडं चढवलं. सुरकुती म्हणून नाही. खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर कामावर निघता निघता थांबली आणि म्हणाली, "किती घट्ट बसलंय!" तिला घट्ट बसवण्यातलं कळत असणार. ह्यांनी दारातच गाडीत झोपून बघायचं ठरवलं. हवा गार होती, मी मुद्दामच होऊ दिलं.

सकाळी चहा घेऊन गेले. आत पाऊल टाकलं तर कपाळावर थेंब. छत आतून घामाघूम. कापडी भिंती ओल्या, उशी ओली, ह्यांचं पांघरूण दमट. हे गुडघ्यावर उभे राहून टॉवेलने छत पुसत होते. पुसून टॉवेल बादलीत पिळला आणि पुन्हा पुसायला लागले.

एक शब्द बोलले नाहीत. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द माझ्या जिभेवर किती पटकन येतात. ह्यांना का येत नाहीत कोण जाणे. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, "एवढा श्वास सोडायचा कशाला माणसाने?"

चहा गार होऊन गेला.

१ ऑक्टोबर

उसवलं. सगळं नाही, तिन्ही बाजूंच्या वरच्या कडा. मनगट दुखतंय. त्या घट्टपणाचा मला अभिमान वाटत होता, लिहून ठेवते. दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

८ ऑक्टोबर

आता असं केलंय: टोपडं आणि जुनं कापड ह्यांच्यामध्ये जाड फोमच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे दोन बोटं हवा मध्ये राहते. दोन्ही त्रिकोणांत वरच्या टोकाला एकेक झरोका, आत जाळी, बाहेर पाऊस अडवायला झापड. झापडेला टिचबटणं, आतून हात घालून उघडझाप करता येईल अशी. छताच्या पत्र्याला आतून बोटभर फोम चिकटवला आणि त्यावर फ्लॅनेलचं अस्तर, म्हणजे गार पत्र्यावर श्वास जमायला नको. गादीखाली जाळीची चटई. शिवणींना सगळीकडे मेण, इस्त्रीने वितळवून आत मुरवलेलं. इस्त्री आता फक्त मेण वितळवायच्या कामाची उरली.

फट ठेवली आहे हे ह्यांना सांगितलं नाही. मी कशाला सांगू? ह्यांनी झापड उघडली, मिटली, परत उघडली. मग म्हणाले, "छान."

एवढंच. टिचबटणाला म्हणाले की झापडेला, कळायला मार्ग नाही. मी विचारलंही नाही, कारण तेव्हा मी त्यांना सांगत होते की ओल्या हाताने फ्लॅनेलला हात लावू नका.

१० ऑक्टोबर

पुन्हा झोपून बघितलं. कोरडं ठणठणीत.

१४ ऑक्टोबर

ह्यांना नवीनच खूळ. स्वयंपाक शिकायचाय. भाताला पाणी किती, मीठ कधी, उकळी म्हणजे नेमकं काय दिसतं. अंड्याला किती मिनिटं. सगळं वहीत. मी म्हटलं, तेहेतीस वर्षं आयतं मिळालं तेव्हा बरं काही सुचलं नाही? तर म्हणाले, "तेच." ह्याचा अर्थ काय लावायचा.

आणि मलाही शिकवत बसले! पाण्याचा मुख्य नळ जिन्याखाली कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, वीज गेली तर कुठली कळ दाबायची. घराच्या कागदांवर माझं नाव घालून आणलं. म्हातारपण आलं की माणसं अशी आवराआवर करतात, असं वाचलंय. साठीला एवढं म्हातारं व्हायचं म्हणजे.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती लांब असते, एरवी आठवड्यातून एकदा, हल्ली रोज.

"आई, बाबा किती दिवसांसाठी जाणारेत?"

"जाणारेत काय, जाणार आहोत. मी त्यांना एकट्यांना सोडेन? नळ बंद करायला गेले तर गाव बुडवतील."

ती म्हणाली, "आई, तू एकदा त्यांच्याशी नीट बोल ना."

"मी रोज बोलते."

"हो," ती म्हणाली. "ते खरं."

बापाची बाजू घ्यायची सवय आहे तिला, लहानपणापासून.

२० ऑक्टोबर

खालच्या बाकावर, म्हणजे माझ्या बिछान्यावर, ह्यांनी खण करून टाकले. एकात वह्या, एकात दुर्बीण, एकात काचेची एक उभी नळी आकडे कोरलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, पाऊस मोजायचं. मी म्हटलं, तुम्हाला पाऊस मोजायला डोंगरावर जायला कशाला हवं, इथे खिडकीतून मोजा. खात्याचंही एक पत्र आलं होतं मागे, जाड पाकीट. निवृत्त माणसाला खातं अजून लिहितं म्हणजे तिथेही रिकामटेकडेच भरलेत.

मी झोपायचं कुठे हे मात्र मी विचारणार आहे.

२ नोव्हेंबर

आज खरी परीक्षा झाली.

दारात झोपून वारा कळत नाही म्हणून गावाबाहेरच्या टेकडीवरच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. ह्यांनी बिजागऱ्यांची, म्हणजे ठेंगणी बाजू वाऱ्याकडे करून गाडी लावली. बरोबर लावली होती. दुपारी तीनला आभाळ भरलं आणि चारच्या सुमारास वाऱ्याने दिशाच बदलली. उंच बाजूवर थाड थाड आदळायला लागला, सोबत आडवा पाऊस. गाडी बोटीसारखी हलत होती. आत मात्र, मी स्वतः सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, एक थेंब नाही. आणि ऊब. शेगडीसुद्धा लावली नव्हती. बाहेर काय चाललंय आणि आत काय, ह्याचा संबंधच नाही. मला त्या वेळी फार बरं वाटलं हे कबूल करते.

तेवढ्यात पुढच्या डाव्या कोपऱ्यात फडफड. दोरीची कडी सुटली होती. कोपरा असाच राहिला असता तर पाच मिनिटांत वाऱ्याने सगळं टोपडं उलटं करून दरीत नेलं असतं.

हे निघाले. मी म्हटलं, तुम्हाला जमणार नाही, बसा. मी चढले शिडीवर. वय अठ्ठावन्न, पायात सपाता. पाऊस तोंडावर दगडासारखा. हे खाली शिडी धरून उभे आणि वारा आला की एका हाताने मला कमरेला धरत होते. कडी मोडली होती, म्हणून मी केसांची पिन काढून वाकवली आणि दोरी तिच्यात अडकवून आवळली. एकदा पाय सटकला. ह्यांनी मला तशीच उचलून धरली आणि दोघंही गाडीला टेकून उभे राहिलो, नखशिखांत भिजलेले, आणि हे हसले. मोठ्याने. मीही हसले. पिन वाऱ्याला पुरून उरली ह्याचं हसू येत होतं. किती दिवसांनी ह्यांचे दात बघितले.

मग मी म्हटलं, "शिडीसुद्धा धड धरता येत नाही तुम्हाला."

आत आलो. अंग पुसलं. ह्यांनी चहा केला, वहीत बघून. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसले.

"मी एकटाच जातोय," हे म्हणाले.

"कुठे?"

"वरच्या तलावावर. थंडीचे चार महिने रोज पाण्याची पातळी लिहायची, पाऊस मोजायचा, वारा मोजायचा. खात्याला माणूस हवा होता. तिथे खोली नाही, म्हणून गाडी."

"आणि मी?"

"तू घरी."

"हे कुणी ठरवलं?"

"मी."

मी चहा खाली ठेवला. पाऊस छतावर वाजत होता, फोममुळे लांबून वाजल्यासारखा.

"आणि चार महिन्यांनी?"

"माहीत नाही."

"मी काय केलंय तुम्हाला?"

"काही नाही. तू बरोबरच असतेस. कायम." मग म्हणाले, "तिथे पाणी जेवढं असेल तेवढं लिहायचं. कुणी चूक म्हणणार नाही."

"हे इतके दिवस मनात होतं?"

"सांगायचा प्रयत्न केला चारपाच वेळा. आत्ता शिडीपाशी वाटलं होतं, नकोच सांगायला. नकोच जायला. मग तू बोललीस."

मी काय बोलले ते मला आठवेना. आता वर लिहिलेलं वाचून कळलं.

त्यांना म्हटलं, "डाव्या कोपऱ्याची कडी पितळी हवी. लोखंडी गंजते." परत येताना ह्यांनी गाडी फार हळू चालवली.

३ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. "तुला माहीत होतं?"

"हो, आई."

"आणि गॅरेजवाल्याला?"

"बहुतेक."

म्हणजे गॅरेजवाल्यालाही कळतं, आणि मी गाद्यांच्या गोष्टी करत बसले होते. अडीच फुटांची फळी, खणात एकच कप, एकच ताटली. मी स्वतः त्या ताटलीला पिशवी शिवून दिली. एका ताटलीला! एकतीस वर्षं मुलींना सांगत होते की कापण्याआधी कापड चारी बाजूंनी बघा.

५ नोव्हेंबर

दिवसभर मशीनवर. चारही कोपऱ्यांना पितळी कड्या, प्रत्येकीखाली चामड्याची दुहेरी चकती. जादा दोरी, जादा टिचबटणं, मेणाची वडी, दोन जाड सुया आणि दाभण, सगळं एका पिशवीत.

जो माणूस मला सोडून चाललाय त्याच्यासाठी मी हे का करतेय? कारण टोपडं गळलं तर तिथले लोक म्हणतील, बायकोला शिवता येत नव्हतं. ह्यापलीकडे काही कारण नाही.

९ नोव्हेंबर

सकाळी साडेसातला गेले. मी दारात उभी नव्हते, जिन्याच्या खिडकीत होते. छत मिटवून खटका लावला, दोनदा ओढून बघितला. वर खिडकीकडे बघितलं. मी पडद्यामागे सरकले. पडदा हलला असणार.

काही म्हणजे काही वाटत नाही. घर मोठं झालंय, एवढंच.

१८ नोव्हेंबर

जिन्याखालचा मुख्य नळ गळायला लागला. बंद केला. कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत होतं.

२६ नोव्हेंबर

ह्यांचा फोन. तिथे म्हणे संपर्क टेकाडावर चढल्यावरच होतो.

"कसं आहे?" मी विचारलं.

"पाणी खूप आहे. वारा..."

"टोपड्याचं विचारतेय."

"कोरडं आहे. आत एक थेंब नाही."

"असणारच. झरोके उघडे ठेवता ना? ओला टॉवेल आत वाळत घालू नका. आणि खालची दोरी आठवड्याने आवळायची, मी लिहून दिलंय, वाचलं नसेलच."

"वाचलंय."

पुढे काहीतरी म्हणणार होते. मी दोरीचं सांगत होते. मग संपर्क तुटला.

३ डिसेंबर

भात दोघांचा होतो. हात तसाच पडतो. आज चिडून अर्ध्या वाटीने मोजला तर पातेल्याच्या तळाला लागला. एका माणसाचा भात करता येत नाही मला, आणि ह्यांना येतो! काय दिवस आलेत.

दातांची डॉक्टर जिन्यात भेटली. "एकटीला शांत वाटत असेल नाही?" म्हणाली. मी तिला चांगलं सुनावणार होते. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आज दिवसभरात हे पहिलंच वाक्य मी कुणाशी बोलणार आहे, आणि तेही कुणालातरी वाईट वाटावं म्हणून. "हो," म्हटलं आणि वर आले.

१२ डिसेंबर

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. तलावाखालच्या धरणावरच्या अभियंता बाई. आवाज तरुण, पण कामाचा.

"तुमचे मिस्टर वरच्या तलावावर आहेत ना? त्यांच्या गाडीचं ते कव्हर तुम्ही केलंय?"

मला वाटलं गळलं. "काय झालं?"

"झालं काही नाही. मागच्या आठवड्यात वादळ झालं मोठं. इथे नोंदी घेणाऱ्या आमच्या आणखी तीन गाड्या आहेत, तशाच उचलत्या छताच्या. तिन्ही गळल्या, एकीचं तर कापड फाटून गेलं. सगळे तुमच्या मिस्टरांच्या गाडीत येऊन बसले होते दोन दिवस. आम्हाला तशी तीन करून हवीत."

"ते बरे आहेत?"

"मजेत आहेत. सगळ्यांना भात करून घातला त्यांनी. आणि सारखं तेच सांगतात, आता आम्हाला पाठ झालंय. 'माझ्या बायकोसारखं कापड बेतणारं माणूस दुसरं नाही. चुकलं तर उसवून पुन्हा करेल, पण बरोबर करूनच देईल.' झरोक्यांची ती झापड तर प्रत्येकाला उघडून दाखवतात."

मी फोन ठेवला आणि बसले.

तेहेतीस वर्षांत मला हे एकदाही म्हणाले नाहीत. जगाला सांगत फिरायचं आणि घरात मूग गिळून बसायचं. असं आधी लिहिलं होतं, मग मागची पानं चाळली आणि हे वाक्य खोडणार होते. खोडत नाही, राहू दे. म्हणाले असतील. मी तेव्हा काहीतरी बोलत असेन.

तीन टोपडी म्हणजे तीन गाड्यांची मापं हवीत. बाई म्हणाल्या, आम्ही मोजून पाठवतो. दुसऱ्याच्या मापावर मी कात्री लावत नाही, आणि हे त्यांना सांगितलंही. वर जायला सकाळची एक बस आहे, धरणापर्यंत.

दुपारी ह्यांना फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला, टेकाडावर होते.

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं, बारा ओळी. दोऱ्यांचं, झरोक्यांचं, माझं कसं आणि त्यांचं कसं, सगळं. तो कागद बाजूला ठेवला.

"मापं घ्यायची आहेत वरच्या गाड्यांची," मी म्हटलं. "येऊ का मी?"

आणि गप्प बसले.

पलीकडे वारा ऐकू येत होता. लांब कुठेतरी पाणी. ते काही बोलेनात. माझ्या जिभेवर चार वाक्यं येऊन उभी राहिली, चारही बरोबर होती.

मी फोन कानाला धरून थांबले.